प्रश्न वाचकांचे : मधुमेह, यकृत आणि अर्काची बाटली

मधुमेह आणि यकृतात साठणारी चरबी यांविषयी या सदरात लिहिल्यापासून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा विषय एकच निघाला : यकृताचे रक्षण करतात असे म्हटले जाणारे वनस्पतींचे अर्क. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे वय ५८ वर्षे, वजन ७६ किलो. अकरा वर्षांपासून मधुमेह असून मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. गेल्या महिन्यात सोनोग्राफीत ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’ निघाले. एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट २ लाख १० हजार आहेत. मी दारू घेत नाही. मेव्हण्यांनी भुईआवळा, कुटकी, गुळवेल आणि मिल्क थिसल यांच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत. त्यांत मिल्क थिसलचा अर्क ७० मिलिग्रॅम असून दिवसाला दोन कॅप्सूल घ्यायच्या आहेत. ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार’ असे घरात सर्वांचे म्हणणे आहे. सुरू कराव्यात का? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपण तपासण्यांचे आकडे कळवलेत हे फार बरे केलेत, कारण कॅप्सूलचा विचार करण्याआधी त्या आकड्यांकडे पाहणे जरुरीचे आहे. टाइप टू मधुमेहाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या यकृतात चरबी साठलेली असते. त्यांतल्या बहुतेकांना तिच्यापासून लगेच धोका नसतो. धोका असतो तो चरबीमुळे सूज येऊन यकृतात व्रणाचे धागे विणले जाऊ लागतात तेव्हा. वैद्यकात याला फायब्रोसिस म्हणतात आणि सोनोग्राफीतला ‘ग्रेड’ त्याबद्दल काहीच सांगत नाही. त्याचा अंदाज घेण्यासाठी ‘फिब-फोर’ नावाचा एक हिशेब आहे आणि तो कागद-पेन्सिलने घरी करता येतो. (एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारी द्रव्ये.) वयाला एसजीओटीने गुणायचे : ५८ गुणिले ४८, म्हणजे २७८४. एसजीपीटीचे वर्गमूळ काढायचे : ६४ चे ८. त्याला प्लेटलेटच्या हजारांतल्या आकड्याने गुणायचे : २१० गुणिले ८, म्हणजे १६८०. आता २७८४ ला १६८० ने भागले की १.६६ येते. हा आकडा १.३ च्या आत असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी असते आणि २.६७ च्या वर गेला तर ती बरीच असते. (पासष्टीपुढच्यांसाठी खालची मर्यादा २ धरतात, आणि पस्तिशीच्या आतल्यांना हा हिशेब लागू पडत नाही.) आपण मधल्या पट्ट्यात आहात, म्हणून आपली पुढची पायरी यकृताचा ताठरपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी ही आहे. ती करून घ्यावी आणि कॅप्सूलची बाटली तोवर बाजूला ठेवावी.

आता बाटलीकडे वळू. त्या चारांपैकी माणसांवर सर्वांत नीट तपासली गेली आहे ती मिल्क थिसल. ही भूमध्य सागराच्या परिसरातली काटेरी वनस्पती असून तिच्या बियांतील घटकांच्या मिश्रणाला सिलिमरिन म्हणतात. युरोपात विषारी अळंबी खाल्लेल्या रुग्णांना त्यातला सिलिबिनिन हा घटक शिरेतून देतात, आणि ‘यकृतरक्षक’ ही त्याची ख्याती बरीचशी तेथूनच आली. चरबीमुळे यकृताला सूज आलेल्या ९९ रुग्णांवर मलेशियात झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या रुग्णांना ७०० मिलिग्रॅम सिलिमरिन दिवसातून तीनदा, असे ४८ आठवडे दिले आणि आधी व नंतर यकृताचा तुकडा काढून तपासला. चाचणीचे जे मुख्य उद्दिष्ट ठरवले होते, ते सिलिमरिन घेणाऱ्यांपैकी ३२.७ टक्क्यांनी आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी, घेणाऱ्यांपैकी २६ टक्क्यांनी गाठले. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच आहे. फायब्रोसिस मात्र पहिल्या गटात २२.४ टक्क्यांचा आणि दुसऱ्या गटात ६ टक्क्यांचा कमी झाला. ही आशेची खूण आहे, पण मोठ्या चाचणीत ती पुन्हा दिसल्याखेरीज तिच्यावर औषधयोजना उभी करता येत नाही. शिवाय त्या रुग्णांना दिवसाला २१०० मिलिग्रॅम मिळत होते आणि आपल्याला दोन कॅप्सूलमधून १४० मिळणार, म्हणजे पंधरावा हिस्सा. त्या चाचणीच्या मात्रेशी बरोबरी करायची तर रोज तीस कॅप्सूल गिळाव्या लागतील.

कुटकीचे स्थान वेगळे आहे. हिमालयात उंचावर उगवणाऱ्या या वनस्पतीची मुळे आयुर्वेदात काविळीसाठी शतकानुशतके वापरली गेली आहेत. आरोग्यवर्धिनीतला मुख्य घटक तीच. १९९६ मध्ये मुंबईतून प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात विषाणूजन्य काविळीच्या रुग्णांना कुटकीच्या मुळांची ३७५ मिलिग्रॅम पूड दिवसातून तीनदा, दोन आठवडे दिली, तेव्हा त्यांचे बिलिरुबिन, म्हणजे कावीळ झाली की रक्तात वाढणारे पिवळे द्रव्य, प्लासिबो गटापेक्षा लवकर उतरले. मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो. मात्र ती कावीळ होती, जी बहुतेकांची आपोआपही बरी होते. मधुमेहीच्या यकृतातली वर्षानुवर्षांची चरबी हे निराळे दुखणे आहे आणि एकाचा दाखला दुसऱ्याला लावता येत नाही. भुईआवळ्याचीही गोष्ट तशीच. त्या वेळच्या मद्रासमधील संशोधकांनी १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की, हिपॅटायटिस बी बाळगणाऱ्या ज्यांना भुईआवळा दिला त्यांच्यापैकी ५९ टक्क्यांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. जगभर खळबळ उडाली, ठिकठिकाणी तसेच प्रयोग झाले आणि तसा परिणाम पुन्हा हाती लागला नाही. बाटल्यांवर मात्र १९८८ सालच अजून चालू आहे. गुळवेलीबद्दल पुढच्या पत्रात लिहिलेच आहे. या चौघींचे मिश्रण मधुमेहींना देऊन त्यांच्या यकृताचे काय झाले, याचा तर प्रश्नच कोणी विचारलेला नाही.

‘वनस्पतीच आहे’ या वाक्याचा मी थोडा राग करतो, तो मला वनस्पतींबद्दल अनादर आहे म्हणून नव्हे, तर त्या वाक्यातच त्यांचा अनादर आहे म्हणून. यकृतावर काही चांगले घडवून आणण्याइतकी ताकद ज्या अर्कात आहे, त्यात काही वाईट घडवण्याचीही ताकद असणारच. आणि अपाय करण्याइतकाही जोर ज्यात नाही, त्याच्याकडून उपायाची अपेक्षा कशी धरावी? तोंडावाटे घेतलेला प्रत्येक अर्क रक्तात मिसळण्याआधी यकृतातून जातो, म्हणजे ज्या यकृताला आराम द्यायचा त्याच्याच पुढ्यात आपण नवे काम टाकतो. आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ग्लिमेपिराइड ही साखर एकदम खाली नेऊ शकणारी गोळी असून तिच्यासोबत साखर उतरवणारी वनस्पती घेतली, तर घाम, थरथर आणि डोळ्यांपुढे अंधारी असा प्रसंग ओढवू शकतो.

मग यकृतासाठी काय करावे, हे आपण विचारलेले नाही, पण सांगतो. आपल्या वजनाच्या ७ ते १० टक्के, म्हणजे साधारण साडेपाच ते साडेसात किलो वजन उतरले, तर यकृतातली चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात आणि काहींचे फायब्रोसिसही मागे हटते. मधुमेहाची औषधे निवडतानाही यकृताचा विचार करता येतो. पायोग्लिटाझोन आणि सेमाग्लुटाइड यांचा उपयोग यकृताचे तुकडे तपासून दाखवला गेला आहे. ती आपल्याला योग्य आहेत की नाहीत, हे फायब्रोस्कॅनचा रिपोर्ट हाती घेऊन आपल्या डॉक्टरांशी बोलावे, आणि जाताना ती बाटलीही पिशवीत घालावी.

प्रश्न : आईचे वय ६४. मधुमेह आणि थायरॉइड दोन्ही आहेत. करोनाच्या काळापासून ती रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेते. वेल आमच्याच कुंपणावर आहे. दहा दिवसांपासून तिची भूक मेली आहे आणि लघवी गडद पिवळी होते. काढा बंद करावा की वाढवावा? — एक वाचक, ठाणे

उत्तर : या पत्राचे उत्तर अंकाची वाट न पाहता फोनवरून दिले आहे : काढा त्याच दिवशी बंद करावा आणि बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी व रक्त गोठण्याची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी. आपल्या संमतीने ते येथे इतरांसाठी देत आहे.

मुंबईतील डॉक्टरांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत पाहिलेल्या सहा रुग्णांची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती आणि सहाही जणांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या, तिच्याच कुळातल्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. आक्षेप निराधार नव्हता, कारण या वेली ओळखण्यात घोटाळे होतात. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला आणि त्यांच्या यकृतातील इजेचे रूप पुष्कळदा स्वयंप्रतिकार हिपॅटायटिससारखे होते, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली होती. गुळवेल लोकांनी घेतली ती प्रतिकारशक्ती ‘वाढवण्यासाठी’, हे लक्षात घेतले की यात नवल वाटत नाही. आईंचा थायरॉइडचा विकार स्वयंप्रतिकारातून आलेला असेल, तर त्यांच्यासाठी हा धोका अधिक आहे. आपली वेल खरी गुळवेलच असेल आणि वर्षानुवर्षे काहीही न होता काढा घेणारी माणसेही हजारोंनी आहेत. तरीही पिवळी लघवी आणि मेलेली भूक ही दोन लक्षणे एकत्र दिसली की काढा चांगला की वाईट हा वाद बाजूला ठेवून आधी रक्त तपासायचे असते.

प्रश्न : मुलीने न्यू जर्सीहून हळदीच्या कॅप्सूल पाठवल्या आहेत, त्यांत काळी मिरीही आहे. रोजच्या आमटीत हळद असतेच, मग कॅप्सूलने काय बिघडणार? माझ्या यकृतात चरबी आहे व साखरेच्या गोळ्या चालू आहेत. — एक वाचक, पुणे

उत्तर : आमटीतल्या हळदीने काही बिघडत नाही. हळदीत करक्युमिन, म्हणजे तिचा मुख्य गुणकारी मानला जाणारा घटक, शेकडा तीनच्या आसपास असते, म्हणजे दीड ग्रॅम हळदीत ४५ मिलिग्रॅम. ५०० मिलिग्रॅमच्या, ९५ टक्के करक्युमिन असलेल्या एका कॅप्सूलमध्ये ते ४७५ मिलिग्रॅम भरते. हा झाला दहापट फरक. तरी नुसते करक्युमिन आतड्यातून फारसे शोषले जात नाही आणि नेमक्या त्याच कारणासाठी मिरी घातलेली असते. बेंगळुरू येथील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की दोन ग्रॅम करक्युमिनसोबत मिरीतले पायपरिन अवघे २० मिलिग्रॅम दिले, तर माणसाच्या रक्तातली करक्युमिनची उपलब्धता वीसपट होते. आपल्या स्वयंपाकघराने शतकानुशतके वापरलेली हळद आणि ही कॅप्सूल यांचे नाव तेवढे सारखे आहे.

यकृतातल्या चरबीवर करक्युमिनच्या लहान चाचण्या इराणमध्ये बऱ्याच झाल्या आणि त्यांतल्या काहींत एसजीपीटी थोडे उतरलेही. पण त्या आठ-बारा आठवड्यांच्या होत्या. दुसऱ्या बाजूला, औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतील केंद्रांच्या जाळ्याने हळदीच्या पूरक गोळ्यांशी जोडलेल्या दहा रुग्णांची माहिती २०२२ मध्ये दिली. त्यांतल्या पाच जणांना रुग्णालयात राहावे लागले आणि एकाचा मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकप्रकार सापडला आणि तोच प्रकार ग्रीन टीच्या अर्काने यकृत बिघडलेल्यांतही वारंवार दिसतो. आपल्यात तो आहे की नाही हे कळायला सोपा मार्ग नाही. लाखो लोक या गोळ्या घेतात, त्या मानाने दहा हा आकडा लहान आहे हे मी मान्य करतो, परंतु ज्याच्या यकृतात आधीच चरबी आहे त्याने अनिश्चित लाभासाठी हा धोका का पत्करावा, याचे उत्तर मला सापडत नाही. मुलीला वाईट वाटणार नाही अशा शब्दांत कळवावे. (वजन उतरवण्याच्या ‘गार्सिनिया’ गोळ्याही पाठवल्या असतील, तर त्याही याच यादीत घालाव्यात. गार्सिनिया आपल्या कोकमाचे भावंड आहे, पण सोलकढीचा त्या गोळ्यांशी संबंध तितकाच, जितका आमटीचा या कॅप्सूलशी.)

प्रश्न : मी एम. फार्म.ची विद्यार्थिनी आहे. स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेह केलेल्या उंदरांना एका रानवनस्पतीच्या पानांचा अर्क दर किलो वजनामागे ४०० मिलिग्रॅम दिल्यावर त्यांचे एसजीपीटी सामान्य झाले. असे शेकडो शोधनिबंध आहेत. तरी त्यांतून औषधे का निघत नाहीत? — एक वाचक, नागपूर

उत्तर : आपला प्रश्न मला या महिन्यातला सर्वांत चांगला प्रश्न वाटला, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

स्ट्रेप्टोझोटोसिन हे मातीतल्या एका जिवाणूपासून मिळणारे रसायन आहे. ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारते, कारण त्या पेशींच्या दारावर ‘ग्लुट-टू’ नावाचे साखर आत घेणारे प्रथिन असते आणि हे रसायन साखरेचे सोंग घेऊन त्याच दाराने आत शिरते. पण ते दार यकृताच्या पेशींनाही आहे. म्हणजे आपल्या उंदराचे एसजीपीटी वाढले, ते मधुमेहामुळे किती आणि थेट विषामुळे किती, हे कसे सांगणार? अर्क जर विषासोबत किंवा त्याच्या आधीपासून दिला असेल, तर त्याने यकृताला विषापासून वाचवले, एवढेच फार तर म्हणता येईल. शिवाय तो उंदीर इन्सुलिनविना रोडावलेला असतो, तर सांगलीचे आपले पत्रलेखक ७६ किलोचे असून त्यांच्या शरीरात इन्सुलिन आहे, ते नीट लागू पडत नाही इतकेच. उंदराचा आजार टाइप वनच्या जवळचा आणि त्यांचा टाइप टू.

मात्रेचा हिशेबही करून पाहावा. मोठ्या उंदराची किलोमागची मात्रा माणसासाठी बदलताना ६.२ ने भागतात. ४०० चे साडेचौसष्ट होतात आणि ६५ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ४.२ ग्रॅम अर्क लागतो. वाळलेल्या पानांतून शेकडा दहा अर्क उतरतो असे धरले, तर ही रोजची ४२ ग्रॅम वाळलेली पाने झाली. एवढा पाला रोज, कित्येक महिने, सुरक्षित आहे का, हे कोणी तपासलेले नसते.

आपल्या हातात अजून प्रयोग असेल तर काही सूचना करतो. जास्त स्निग्धांशाचा आहार आणि स्ट्रेप्टोझोटोसिनची लहान मात्रा असा नमुना घ्यावा. यकृतात चरबी साठल्याची खात्री झाल्यावरच अर्क सुरू करावा. तुलनेसाठी पायोग्लिटाझोन दिलेला गट ठेवावा, आणि यकृताचे छेद वाचणाऱ्याला कोणता छेद कोणत्या गटाचा हे कळू देऊ नये. वनस्पतीचा वाळवलेला नमुना मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये किंवा पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात दाखवून ओळख पक्की करून घ्यावी, कारण चुकीच्या झाडावर केलेले उत्तम काम मी परीक्षक म्हणून पाहिले आहे आणि ते वाचताना जीव हळहळतो.

औषधे निघतच नाहीत, असे मात्र नाही. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन वेगळे केले गेले. ते दिले की लघवीतून साखर जाते हे त्याच शतकात कळले, पण ते आतड्यातच मोडून जाई. त्याच्या रेणूत फेरफार करत करत डापाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचे औषध तयार झाले आणि ते बाजारात यायला २०१२ साल उजाडले. मेटफॉर्मिनची पणजीही युरोपातली गॅलेगा नावाची वनस्पतीच आहे. तिच्यातले गॅलेगिन साखर उतरवत असे, पण विषारी होते, म्हणून त्याच धाटणीचे सौम्य रेणू प्रयोगशाळेत घडवावे लागले. आपल्या शोधनिबंधानंतर पुढची वाट ही अशी आहे, आणि ‘यकृतरक्षक गुणधर्म सिद्ध’ या शीर्षकापाशी बहुतेक जण ती सोडून देतात.

प्रश्न : बिबळ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी आणि कारल्याचा रस मी रोज सकाळी घेतो. याने यकृतही सुधारेल का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : यकृताबद्दल तसे म्हणायला आधार नाही. साखरेबद्दल थोडा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने बिबळ्याची, म्हणजे विजयसाराची, चाचणी घेतली होती आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मधुमेहाचे नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. तुलनेसाठी दुसरा गट मात्र त्यात नव्हता, आणि तेथे मोजून-मापून दिलेले औषध होते. आपल्या पेल्यातून पहिल्या आठवड्यात जेवढे उतरते तेवढे तिसऱ्या महिन्यात उतरत नाही, हे पाण्याच्या फिकट होत गेलेल्या रंगावरूनच आपल्याला दिसत असेल. पाणी प्यायला हरकत नाही. कारल्याचा रस घेतल्यावर नाश्ता लांबवू नये, गोळी स्वतःहून कमी करू नये आणि रस सुरू केल्यापासून उपाशीपोटीची साखर ८० च्या खाली जात असेल तर तो आकडा डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळवावा.